घुगरेअण्णांची मोरी

"हे काय आहे?" अण्णांनी विचारलं.

त्यांच्या चिमटीत केसांचं ओलं गुंतवळ लोंबत होतं. मोरीची जाळी उचलून त्यांनी ते नुकतंच ओढून काढलं होतं. न्हाणीच्या दारात आम्ही चौघं ओळीनं उभे होतो: सासूबाई, थोरल्या जाऊबाई कस्तुरीवैनी, माझा नवरा रेवण आणि मी. आत मोरीत अंघोळीचं पाणी घोट्याइतकं साचलेलं, आणि त्यात धोतर वर खोचून माझे सासरे.

"गुंतवळ," मी म्हटलं.

"कुणाचं?"

घरात कमरेच्या खाली रुळणारे केस माझे एकटीचेच होते. कस्तुरीवैनींची वेणी उंदराच्या शेपटीएवढी, आणि सासूबाईंचा अंबाडा लिंबाएवढा. तेव्हा विचारायची तशी काही गरज नव्हती. पण अण्णा वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदाराच्याच दुकानात उभं राहून "हे माप कुणाचं?" असं त्यालाच विचारण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"माझं," मी म्हटलं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ते गुंतवळ न्हाणीच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगलं. मुद्देमाल म्हणून. त्या खिळ्यावर आधीची तीन गुंतवळं वाळत होतीच.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गडहिंग्लजमधलं ते घर अण्णांच्या वडिलांनी बांधलेलं. न्हाणीची मोरी दगडी, आणि तिचं पाणी जमिनीखालच्या जुन्या खापरी नळातून परसात जायचं. स्वयंपाकघरातली भांड्यांची मोरीही त्याच नळाला जोडलेली. सांगतात की एके काळी त्या मोरीतून पाणी असं धावायचं की हातातला साबण घेऊन जायचं. मी आले तेव्हा ते चालायला लागलं होतं, आणि त्या महिन्यात ते बसलं.

अण्णांनी उपाय कमी केले नाहीत. वर्तमानपत्रात वाचून धुण्याचा सोडा आणि कढत पाणी ओतलं. बांबूची कामटी घातली. एकदा तर रेवणला सायकलचा पंप आणायला लावला आणि नळाच्या तोंडाला लावून हवा भरायला सांगितली. पाणी उलटं उसळून अण्णांच्या चष्म्यावर आलं. त्या दिवसापासून त्यांची खात्री पटली की दोष नळात नसून सुनेत आहे.

आता अण्णा कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की एका मोरीचं एवढं काय. अख्ख्या तालुक्यात अण्णांची ख्याती होती ती अन्नासाठी. खाण्यासाठी नव्हे, न टाकण्यासाठी. जेवण झालं की ते ताटात पाणी घालायचे, बोटानं ताट खळबळून धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. आमच्यात जुनी माणसं असं करतातच, त्यात नवल नाही. पण ती गुपचूप करतात. अण्णा ते उभं राहून करायचे. लग्नाच्या जेवणावळीत खरकटी ताटं टाकायच्या पिंपाजवळ ते जाऊन उभे राहत, आणि ज्याच्या ताटात घास उरला असेल त्याला त्याच्या बायकापोरांसमोर तो खायला लावत. माणसं त्यांना पाठ करून जेवायची. काहींनी तर अण्णा येणार म्हटल्यावर नुसता आहेर देऊन पळ काढला होता.

आणि अशा माणसाचा सत्कार ठरला होता. गावातल्या मंडळानं 'अन्नसेवक' असा किताब काढला, आणि अण्णांनी आग्रह धरला की समारंभ हॉलमध्ये नको, माझ्या घरी करा, साधं जेवण करा, आणि शेवटी मी स्वतः ताट कसं धुतो ते सगळ्यांना दाखवतो. रविवार ठरला. केसांचा हा पंचनामा शुक्रवारी सकाळी चालला होता.

घरात तर कायदाच होता. पानात टाकायचं नाही, कुत्र्याला घालायचं नाही, गाईला घालायचं नाही, कारण गाईच्या नावाखाली माणसं आळस लपवतात असं अण्णांचं मत. जेवणं झाली की ते खरकट्याची बादली उजेडात धरून बघायचे. तीत भेंडीचं देठ दिसलं तरी चौकशी व्हायची.

मग करपलेल्या भाकरीचं काय व्हायचं? सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांचा हात मोठ्या खटल्याचा, भात कायम जास्त व्हायचा. तो उरलेला भात कुठं जायचा? मी नवी होते, पण आंधळी नव्हते. भांडी घासायला बसलं की कस्तुरीवैनी मोरीची जाळी हळूच सरकवायच्या. आत्ती पातेल्यात पाणी घालून भात कालवायच्या, पेजेसारखा पातळ करायच्या आणि "हरहर" म्हणून सोडून द्यायच्या. थोरले दीर जेवायला बसले की त्यांना न आवडणारं वांगं कुठं नाहीसं व्हायचं ते परमेश्वराला ठाऊक, आणि मोरीला. घुगऱ्यांच्या घरात अन्न वाया जात नव्हतं. फक्त दिसत नव्हतं.

एकटे अण्णा मात्र स्वच्छ होते, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ते तर औषधसुद्धा टाकत नसत. दर हिवाळ्यात आत्ती त्यांच्यासाठी मोरावळा घालायच्या. एकेक आवळा काट्यानं टोचायचा, चुन्याच्या निवळीत ठेवायचा, पाकात मुरवायचा. त्यांची बोटं आठवडाभर काळी राहायची. त्या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, रोज सकाळी एक आवळा फक्त अण्णांना. आणि अण्णा तो वाटीत घेऊन न्हाणीत जायचे, पूर्वेकडे तोंड करून शांतपणे खायचे, आणि धुतलेली वाटी बाहेर आणून म्हणायचे, "वाटीसुद्धा धुऊन प्यालो."

तर पंचनाम्याकडे येऊ.

"अण्णा," मी म्हटलं, "हे केस जाळीत अडकले म्हणजे नळात गेलेच नाहीत की. जे नळात गेलेच नाही ते नळ कसं तुंबवेल?"

कस्तुरीवैनींनी माझ्या कोपराला चिमटा काढला. रेवण छताकडे बघायला लागला.

"जे दिसलं ते एवढं," अण्णा म्हणाले, "तर जे दिसलं नाही ते केवढं असेल? दुकानदाराचं एक माप खोटं सापडलं की मी सगळी मापं जप्त करायचो. केस काप."

"काय?"

"खांद्याच्या वर. रविवारी पन्नास माणसं ह्या मोरीवर हात धुणार आहेत. आधी कारण घालवायचं, मग परिणाम. उद्या सकाळी केस, त्यानंतर कुशाप्पा गवंडी येऊन नळ उकरेल."

"अवो," आत्ती पुढं झाल्या, "सवाशिणीचं केस कापत्यात व्हय? काय बोलताय काय! मानूस मेलंय व्हय घरात?"

"ह्या जुन्या समजुती. पुण्यामुंबईत बायका आपल्या पायांनी जाऊन, पैसे मोजून कापून घेतात. आपण सुधारायचं कधी?"

अण्णा सुधारक होते. दुसऱ्याच्या डोक्यावरचं काही कापायचं असलं की ते नेहमीच सुधारक असायचे.

आत्ती मागं सरल्या. चाळीस वर्षं संसार करून त्यांना एवढंच कळलं होतं की ह्या माणसापुढं दुसरं वाक्य बोलायचं नसतं.

रेवण सायकल काढत होता तेव्हा मी त्याला गाठलं. तो साखर कारखान्याच्या हपिसात होता, आणि घरातसुद्धा कायम साहेबासमोर उभा असल्यासारखाच वागायचा.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"अगं, केसच हैत नव्हं? परत येतील."

"आणि उद्या नाक कापायला सांगितलं तर?"

त्यानं खरोखरच विचार केला. "नाक कुठं मोरीत जातंय?" तो म्हणाला, आणि पायडल मारून निघून गेला.

माझे केस माझ्या आईनं वाढवले होते. शिकेकाई, रिठा, आठवड्याला कोमट खोबरेल. आमच्या घरात सोनं नव्हतं, त्यामुळे मला दाखवायला बसवलं की आई वेणी पुढं घ्यायला सांगायची. त्या वेणीनंच मला हे घर मिळवून दिलं होतं. अण्णांनी तिला पाहूनच "मुलगी निरोगी आहे" असा शेरा मारला होता.

संध्याकाळी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी कापणार नाही.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली. "जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या एसटीनं रेवण तुला माहेरी सोडेल. केस वाढवायचे तेवढे तिथं वाढव. तुमच्याकडची मोरी मोठी असेल."

माहेरी धाकट्या बहिणीची बोलणी चालली होती. थोरली वर्षाच्या आत परत आली म्हटल्यावर ती बोलणी तिथंच मिटली असती. हे मला माहीत होतं, आणि अण्णांनाही माहीत होतं. माप कुठं दाबलं की काटा हलतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

शनिवारी सकाळी मी परसदारी पाटावर बसले. कस्तुरीवैनी ब्लाउज शिवायच्या, त्यांची कात्री धारेची होती.

"सुमे, डोळं मीट," त्या म्हणाल्या.

"नको. बघू दे."

आत्ती आमच्याकडं पाठ करून देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले होते, नीट कापलं जातंय की नाही ते बघायला. वेणी जाड होती, एका घावात तुटेना. कात्री करकरत राहिली. शेवटी मान एकदम हलकी झाली आणि वैनींच्या हातात ती वेणी आली, खाली लाल फित बांधलेली, जशी मी सकाळी घातली होती तशीच. मला राग आला नाही. लाज वाटली. भर उन्हात, घरच्याच माणसांत, अंगावरचं लुगडं कुणी फेडावं तशी लाज वाटली. राग यायला अजून वेळ होता.

वैनींनी वेणी सुपात ठेवली आणि सूप न्हाणीच्या कट्ट्यावर.

"झालं," अण्णा म्हणाले. "कुशाप्पाला बोलवा."

कुशाप्पा गवंड्याचा स्वभाव असा की ज्याच्या अंगणात उभा असेल त्याचं खरं. त्यानं पहार टेकली, खिळ्यावरच्या गुंतवळाकडं पाहिलं, माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि विचारायच्या आधीच निकाल दिला. "केसंच, अण्णा. दुसरं काय असणार? बायकांच्या केसांनी आमच्या गल्लीतली आख्खी गटार बसली."

"मी महिनाभर हेच सांगतोय," अण्णा म्हणाले.

परसात नळ जिथं वळतो तिथली माती त्यानं उकरली आणि वळणावरचा सांधा पहारीनं मोकळा केला. खापरीचा तुकडा निघाला, आणि आतून पाण्याऐवजी एक राखाडी लगदा हळूहळू बाहेर यायला लागला. वासानं आम्ही पदर नाकाला लावले. कुशाप्पानं लोखंडी आकडा घालून ओढायला सुरुवात केली.

पहिल्यांदा पीठ. भाकरीचं, भाताचं, कशाकशाचं. ते बघून कस्तुरीवैनी एकाएकी आभाळातले ढग मोजायला लागल्या. अण्णांनी काठीच्या टोकानं लगदा उलटा केला.

"हे काय आहे?"

"शेवाळ," कुशाप्पा म्हणाला, कारण पलीकडे वैनी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होत्या.

मग आकड्याला काहीतरी गोल लागलं. ते मातीत टपकन पडलं. मग आणखी एक. मग पाचसहा एकदम. सुपारीएवढे, काळपट, सुरकुतलेले. काही नुसत्या बिया होत्या, तंतू धरलेल्या. काही अख्खे. कुशाप्पा आकडा घालत गेला आणि ते येत गेले, गोट्यांचा डाव मोडल्यासारखे अंगणभर झाले.

"आवळं हैत की ओ!" कुशाप्पा म्हणाला. त्या क्षणी कुणाचं खरं म्हणायचं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तोंडातून खरं निघून गेलं.

आत्ती उंबऱ्यावरून उठून आल्या. त्या खाली बसल्या, एक आवळा उचलला, तांब्यातल्या पाण्यानं स्वच्छ धुतला आणि उजेडात धरला. त्याच्या अंगभर काट्यानं टोचल्याची भोकं होती.

"माझंच हाय," आत्ती म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरा धुतला. मग तिसरा. जणू ते परत बरणीत घालायचे होते. मला त्यांच्याकडं बघवेना. अण्णांना मोरावळा आवडत नाही एवढं एक वाक्य त्यांना कुणी कधी सांगितलं असतं, तर त्या बाईची चाळीस हिवाळ्यांची बोटं वाचली असती.

"उंदीर," अण्णा म्हणाले.

"आं?" कुशाप्पा.

"उंदरांनी नेले असणार. बरणीतून."

"बरणीचं झाकण काढून?" मी विचारलं. "रोज एक?"

"आणि परत झाकण लावून," कस्तुरीवैनी हळूच म्हणाल्या. मी ह्या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलल्या.

"उंदीर लई हुशार असत्यात, अण्णा," कुशाप्पानं सावरून घेतलं. "आमच्या घरात एकानं तर साबणाची वडी..."

"केस बघ," अण्णा म्हणाले. "केस कुठं आहेत?"

कुशाप्पानं आकड्यानं लगदा विंचरला. पीठ होतं, आवळे होते, वांग्याची देठं होती. केस नव्हता. तो पुन्हा पुन्हा उलटंपालटं करत राहिला, घाम पुसत राहिला. शेवटी त्याला एक लांबसा तांबूस धागा सापडला. भांडी घासायच्या काथ्याचा होता, लहान पोरालाही कळलं असतं.

"ह्यो बघा!" कुशाप्पा ओरडला.

अण्णांनी तो धागा चिमटीत धरून उंच केला. त्यांचा चेहरा उजळला. "बघा! ह्या एकावर सगळं येऊन अडकलं. उंदरांनी आणलेलंसुद्धा. मुळाशी केसच." मग ते माझ्याकडं वळले, आवाज मऊ करून. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, सुमंगला. चूक वेळेवर सुधारली. रविवारी भाषणात मी तुझं नाव घेईन. सुनेनं घरासाठी केस दिले म्हणून."

राग आला तो तेव्हा. तो चढत वगैरे गेला नाही, आला आणि बसला. केस गेले होते ते गेले होते. पण आता माझ्या केसांनी ह्या माणसाचा खोटेपणा झाकायचा, आणि तोही टाळ्यांच्या गजरात? मला वाटलं, ठीक आहे अण्णा. तुम्ही म्हणताय ना केसांनी तुंबली, मग तुमचा शब्द खोटा का पडावा?

कुशाप्पानं सगळं उपसलं, बादलीभर पाणी सोडून दाखवलं. ते झरझर गेलं. अण्णांनी समाधानानं मान हलवली आणि दोघं सांधा सिमेंटनं बुजवायला बसले. पहिल्यापेक्षा पक्का कर, असं अण्णा त्याला बजावत होते.

सांधा पक्का होईपर्यंत मी थांबले. नंतर न्हाणीत आले. सुपातली वेणी घेतली आणि तिचा अंबाडा घातला. डोक्यावर घालायची तसाच, घट्ट, पेड आत दाबून, लाल फितीनं आवळून. मुठीपेक्षा मोठा झाला. मोरीची जाळी उचलली आणि अंबाडा नळाच्या तोंडाशी ठेवला. तो हातानं जाईना.

माझ्यामागं कुणीतरी उभं होतं. आत्ती. त्यांच्या ओच्यात धुतलेले आवळे होते. त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, मोरीकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हाक मारणार.

आत्तींनी कोपऱ्यातली बांबूची कामटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"वळणापातुर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "न्हाईतर वर येतंय."

रविवारी मंडळ आलं. हार झाला, नारळ झाला, भाषणं झाली. अण्णांनी शब्द दिल्याप्रमाणे माझं नाव घेतलं आणि माणसांनी माझ्या बोडक्या मानेकडं बघून टाळ्या वाजवल्या. जेवणं झाली. कुणाच्याही पानात एक शीत उरलं नव्हतं, भीतीनंच. मग अण्णा आपलं ताट घेऊन न्हाणीत गेले, आणि पन्नास माणसं दारात, खिडकीत, परसात दाटीवाटीनं बघायला उभी राहिली.

त्यांनी ताटात पाणी घेतलं, बोटं फिरवली, ताट तोंडाला लावलं. "असं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी ताट विसळायला बंबातलं पाणी सोडलं. पंगतीनं हात धुतलेलं पाणी आधीच थबकून होतं. हे त्याला मिळालं. पाणी जाळीतून वर आलं, कट्ट्यावर चढलं, अण्णांच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. कोऱ्या धोतराचा काठ तरंगायला लागला. वर स्वयंपाकघरातल्या मोरीत कुणी गुपचूप सोडलेली शिळी आमटी आणि पन्नास जणांच्या बोटांचं तेल.

अध्यक्ष भला माणूस होता. "अण्णा," त्यानं काळजीनं विचारलं, "मोरी तुंबली वाटतं?"

अण्णांनी दाराकडं पाहिलं. तिथं आत्ती होत्या, कस्तुरीवैनी होत्या आणि मध्ये मी, डोक्यावर पदर न घेता. त्यांना कळलं. आयुष्यभर लोकांचे काटे बघितलेला माणूस, त्याला न कळून कसं चालेल? त्यांचे ओठ दोनदा हलले.

"होय," ते म्हणाले. "केसांनी."

महिनाभर ते हेच सांगत होते, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच खरं बोलले. आणि आत्ती पन्नास माणसांसमोर, तोंडाला पदर न लावता, पोट धरून हसल्या.